बाटली दिवसा उभी, रात्री आडवी

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीत कौशल्या गणवीरची एक खोली होती, आणि त्या खोलीत एक दारूची बाटली होती. दिवसभर ती चुलीपासून लांबच्या फळीवर उभी असायची. दिवेलागणीनंतर दार लोटून कडी लावली, की कौशल्या तिला दोन्ही हातांनी उचलायची आणि रांजणाच्या बुडाशी, ओल्या वाळूत आडवी ठेवायची. सकाळी दार उघडायच्या आधी बाटली पुन्हा फळीवर. उभी बाटली सगळ्या वस्तीला ठाऊक होती. आडवी फक्त कौशल्याला.

कौशल्या पिणारी बाई असती तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण तिनं आयुष्यात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता. छप्पन साली ती आणि तिचा नवरा चंद्रभान, दोघं पांढरे कपडे घालून नागपूरच्या त्या मैदानात लाखो माणसांत उभे राहिले होते, आणि सगळ्यांबरोबर त्यांनीही पाच शीलं घेतली होती. पाचवं शील दारू न पिण्याचं. कौशल्यानं ते पाळलं. चंद्रभाननंही पाळलं, पुढच्या वर्षी मारबतीची मिरवणूक निघाली तोवर. त्या मिरवणुकीत त्याला त्याचे जुने दोस्त भेटले.

मग संध्याकाळ झाली की कौशल्या भट्टीमागच्या चिंचेखाली त्याला शोधायला जायची. तो आडवा पडलेला असायचा आणि त्याच्या शेजारी बाटलीही आडवी असायची. भरलेली बाटली उभी असते आणि रिकामी आडवी, एवढं दारूचं ज्ञान तिला नवऱ्यानं देऊन ठेवलं होतं. पुढं काविळीनं तो गेला. मूलबाळ नव्हतं. खोली होती, रांजण होता, आणि पौर्णिमेला विहारात मेणबत्त्या लावायचं काम होतं, ते बायकांनी आपणहून तिच्याकडे दिलेलं होतं. ज्या घरानं दारूपायी भोगलं त्या घरच्या बाईनं मेणबत्ती लावावी, असं सिंधूताई म्हणाल्या होत्या. सिंधूताई म्हणजे वस्तीतल्या बायकांची वंदना घेणाऱ्या, उंच, सरळ पाठीच्या, आणि एकदा बोलल्या की विषय मिटला असं समजायचं.

मग ह्या बाईच्या घरात भरलेली बाटली आली कुठून?

ती आली सिव्हिल लाइन्समधून. खापरखेड्याच्या वीज कारखान्यात परदेशी यंत्रं बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता, त्याच्या बंगल्यावर कौशल्या स्वयंपाकाला लागली होती. साहेब सकाळीच जीपमधून खापरखेड्याला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. बंगल्यात राहायची त्याची बायको, मार्था. पहिल्या दिवशी कौशल्यानं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं तेव्हा ही गोरी बाई टेबलावर दोन हात ठेवून, भिंतीवरच्या पालीकडे बघत बसली होती.

"पाल हाय," कौशल्या म्हणाली, काहीतरी म्हणायचं म्हणून.

"पाल," मार्था म्हणाली. मग पालीकडे बोट करून पुन्हा, "पाल. गुड मॉर्निंग, पाल."

कौशल्याला हसू आलं. चंद्रभान गेल्यापासून परक्या घरात ती पहिल्यांदाच हसली होती.

मार्थानं हिंदी उचलली ती बंगल्याच्या चौकीदाराकडून. त्याला सगळे भैय्याजी म्हणत. तिची हिंदी त्याच्यासारखी आणि उच्चार तिचे स्वतःचे. कौशल्या बोलायची नागपुरी मराठी. दुपारी साहेबाचं जेवण नसायचं, तेव्हा ह्या दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून जेवायच्या. मार्था आधी खुर्चीवर बसायची. एका दुपारी ती ताट घेऊन खाली येऊन बसली, मांडी घालता येईना म्हणून पाय लांब केले, आणि म्हणाली, "ऊपर अकेला बहुत है."

"खालीबी हायच," कौशल्या म्हणाली. "पन दोघी आहो न."

मार्थाला किती कळलं कोण जाणे. तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

मार्थाला कौशल्याच्या भाकरीबरोबर कांदा लागायचा, पण आपल्या पद्धतीनं. ती कांदा कागदासारखा पातळ कापायची, त्यावर सिरका ओतायची, चिमूटभर साखर टाकायची आणि झाकून ठेवायची. सिरका संपला की कपाळाला हात लावायची.

"मेरे पापा के घर," ती सांगायची, "वाइन बिगड़ता है, तो सिरका बनता है. फेंकता नहीं. बिगड़ा तो भी काम का."

"माहा नवरा बिगडला, त्याचं काईच नाई बनलं," कौशल्या म्हणाली.

भैय्याजी दारात उभा होता. त्यानं त्याचं हिंदी करून सांगितलं. मार्था आधी हसली, आणि मग हसता हसता तिनं कौशल्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

होळी होऊन ऊन तापायला लागलं तेव्हा साहेबाचं पहिलं काम झालं. बाकीचं थंडीत. मार्थाच्या सामानाच्या पेट्या बांधून व्हरांड्यात आल्या. त्या दिवशी मार्थानं कपाटाच्या तळातून शेवटची बाटली काढली. हिरव्या काचेची, लांब मानेची, आत फिकट गवताच्या रंगाचं पाणी. वर चकचकीत पन्नी, आणि कागदावर डोंगर, डोंगरावर वेलींच्या रांगा.

"पापा का गाँव," मार्थानं त्या डोंगरावर बोट ठेवलं. "ये तुम्हारे पास. ठंडी में मैं आएगी."

"मी पीत नाई बाई. तुले माहीत हाय."

"मालूम. तुम बैठेगी. मैं पिएगी."

मग तिनं कसं ठेवायचं ते करून दाखवलं. खिडकीवर पडदा ओढला: उजेड नको. चुलीकडे बघून बोट हलवलं: गरम नको. बाटली हातात घेऊन डुगडुग केली आणि तोंड वाकडं केलं: हलवायची नाही. आणि शेवटी तळहात गालाखाली घेऊन, मान तिरकी करून, डोळे मिटले. आडवी. झोपलेली. बुचाला आतून ओल राहिली पाहिजे, नाहीतर बूच सुकतं, हे तिनं सांगितलं, भैय्याजीनं समजावलं, आणि कौशल्यानं मान हलवली. कळलं म्हणून नाही. मार्था परत येणार होती, एवढंच तिला ऐकू आलं होतं.

घरी आणून तिनं बाटली रांजणाच्या वाळूत आडवी ठेवली, वर ओलं पोतं टाकलं. खोलीत त्याहून थंड जागा नव्हती. रात्री पाणी प्यायला उठली की पोत्यावर हात ठेवून बघायची. गार असायचं.

पंधरा दिवस गेले असतील नसतील. शेजारची जिजाबाई पाणी घ्यायला आली. नळ गेला की ती कौशल्याच्या रांजणातून पाणी घ्यायची, विचारायची पद्धत नव्हती. तिनं वाकून पोतं सरकवलं आणि तशीच वाकलेली राहिली.

"कौशल्या वं."

"काय?"

"हे काय लोळून राहिलं?"

"मेमसाहेबाची ठेव हाय."

"ठेव," जिजाबाई म्हणाली. "माह्या भाच्यानंबी असंच सांगतलं होतं. दोस्ताची ठेव हाय म्हने. रोज थोडी थोडी सांभाळे."

"भरेल हाय, पाह्य न."

"भरेल बाटली कोनी आडवी ठेवते का?"

ह्यावर कौशल्याकडे उत्तर होतं, पण ते मार्थाच्या तोंडचं होतं आणि आपल्या तोंडात नीट बसेना. बुचाला ओल, असं ती काहीतरी म्हणाली. जिजाबाई पाणी न घेताच गेली. आणि संध्याकाळी सिंधूताई दारात उभ्या होत्या, मागं चार बायका.

सिंधूताई आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरच पदर सावरून म्हणाल्या, "दाखव."

कौशल्यानं बाटली आणून दाखवली. सिंधूताईंनी ती हातात घेतली नाही. मान तिरकी करून बघितली, पन्नी बघितली, बूच बघितलं.

"शील घेतलं होतं न तू?"

"हो."

"मंग हे घरात काहून?"

"पिण्यासाठी नाई ताई. सांभाळायसाठी. थंडीत ते येनार हाय. तिची तिले देऊन टाकीन."

"अन् पोलीस आला तं?" मागून एक बाई. "परमिट हाय का तुह्याकडं?"

"पोलिसाले काय काम हिच्या रांजणात," जिजाबाई म्हणाली. आपण लावलेली आग आता तिला थोडी विझवावीशी वाटत होती.

सिंधूताई विचारात पडल्या. त्या कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. कोणाची ठेव मोडायला लावणं त्यांना बरं दिसेना. शेवटी त्या म्हणाल्या, "ठेव. पन लपवून नाई. त्या फळीवर ठेव, उभी, दारातून दिसन अशी. येनाऱ्याजानाऱ्यानं पाह्यलं पायजे का भरेल हाय. उद्या कोनी बोललं तं मी सांगीन, जा, डोळ्यानं पाहून ये. तुह्याच भल्यासाठी म्हनते मी."

"पन ताई, उभी..."

"उभी," सिंधूताई म्हणाल्या.

कौशल्यानं बाटली फळीवर ठेवली. बायका गेल्या. आणि कडी लावल्यावर तिला गालाखाली हात घेतलेली मार्था दिसली. ती उठली, बाटली उतरवली आणि वाळूत निजवली. सिंधूताई दिवसाच्या मालक होत्या. रात्रीबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

थंडी आली. कौशल्या सिव्हिल लाइन्समध्ये जाऊन आली. बंगला बंद होता, भैय्याजी गेटपाशी ऊन खात बसला होता.

"आली का?"

"नहीं आई, बाई. अगली बार आएगी शायद."

कौशल्या आता मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायला जायची. दरवर्षी संत्र्यांचे ढीग बाजारात लागले की एक दिवस सुट्टी घेऊन बंगल्यावर चक्कर मारायची. कधी बंगल्यात दुसरे लोक असायचे, कधी कुलूप. भैय्याजीचे केस पांढरे होत गेले. नंतर नंतर तो तिला लांबून बघूनच मान हलवायचा, म्हणजे तिला गेटपर्यंत यायची तसदी नको. ती तरी यायचीच. दोघं थोडा वेळ बसायचे.

"पता तो लिया होता," तो एकदा म्हणाला.

"पत्ता घेऊन काय करू? मले लिहिता येते का?"

"मैं लिख देता."

"तू काय लिहिशीन? पाल कशी हाय, ते?"

भैय्याजीला ते आठवलं आणि तो हसला. मग दोघंही बंगल्याच्या बंद खिडक्यांकडे बघत राहिले.

उन्हाळ्यात, खोलीवरचे पत्रे तापून वाजायला लागले की कौशल्या बाटलीभोवती ओलं फडकं गुंडाळायची. दुपारी वसतिगृहातून धावत येऊन ते पुन्हा भिजवायची. स्वतः घामानं निथळत. जिजाबाई आपल्या ओट्यावरून हे बघायची.

"लेकीले न्हाऊ घातलं का वं?"

"घातलं."

"तीट लाव. नजर लागन."

"तुहीच लागन, दुसऱ्या कोनाची लागते."

वस्तीत बाटलीचं नावच पडलं होतं, कौशल्याबाईची लेक. कौशल्याला ते लागायचं नाही. उलट, संध्याकाळी कडी लावल्यावर ती बाटलीशी बोलायची तेव्हा तिला आपलं काही चुकतंय असं वाटायचं नाही. वसतिगृहात कोणत्या मुलीनं पोळी फेकली. मेणबत्त्या ह्या खेपेला कशा वाकड्या निघाल्या. बोलून झालं की बाटली दोन्ही हातांत उचलायची, सांभाळून, आतलं हलू नये असं, आणि आडवी करायची. रोज उचलणं म्हणजेही हलवणंच, हे तिच्या लक्षात यायचं. पण दिवस सिंधूताईंचा होता आणि रात्र मार्थाची. दोघींना दिलेला शब्द पाळायचा म्हणजे मधे हात लावावाच लागणार.

बऱ्याच वर्षांनी एका उन्हाळ्यात भिवापूरहून निरोप आला. तिच्या भावाची, रामाजीची बायको अंथरुणाला खिळली होती आणि घरात मिरच्यांचा डोंगर पडला होता. देठ खुडायला, रांधायला, आजाऱ्याचं करायला बाई हवी होती. कौशल्यानं गाठोडं बांधलं. किल्ली जिजाबाईच्या हातात दिली.

"रांजणात पानी टाकत जाजो. फडकं भिजवत जाजो."

"लेकीचं न?"

"हो."

आडवी करत जाजो, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं तर इतक्या वर्षांची रात्र जिजाबाईच्या हातात द्यायची. जिजाबाईकडे गेलं म्हणजे गल्लीत गेलं, आणि गल्लीत गेलं म्हणजे सिंधूताईंकडे. कौशल्यानं गाठोडं काखेत मारलं. जाईन आणि येईन, तिला वाटलं. आठवडा, दोन आठवडे.

वहिनी उठून बसेस्तोवर सगळा उन्हाळा भिवापुरात गेला. मिरचीनं बोटं भाजायची, डोळे चुरचुरायचे, आणि रात्री अंगणात पडल्यावर तिला आपली बंद खोली दिसायची, तापलेले पत्रे, फळीवर उभी असलेली ती. जिजाबाई फडकं भिजवत असेल, ती स्वतःशी म्हणायची. जिजाबाईनं पहिले चार दिवस भिजवलं. मग तिच्या नातवाला गोवर आला.

शाळा उघडायच्या सुमारास कौशल्या परतली. जिजाबाईनं किल्ली दिली आणि मागोमाग दारात येऊन उभी राहिली. पहिली नजर दोघींची एकदमच फळीकडे गेली.

बाटली होती. पण आतलं पाणी मानेतून खाली उतरून खांद्यापर्यंत आलं होतं. वरची पन्नी फाटली होती, बूच अर्ध्या नखाएवढं वर आलं होतं, आणि काचेवरून एक चिकट ओघळ वाळून गेला होता.

"कमी झाली वं," जिजाबाई हळूच म्हणाली.

"गरमीनं."

"गरमीनं बाटलीतलं कमी होते का? बूच फोडेल दिसते."

"कुलूप होतं न घराले. किल्ली तुह्याकडं होती."

हे बोलायला नको होतं. जिजाबाईचा चेहरा बदलला.

"म्हनजे मी पेली?"

"मी तसं म्हनलं नाई."

"म्हनलंच. माह्या तोंडावर म्हनलं. आता मी सांगते, तू जायच्या आधीच कमी होती ते. मी पाह्यली होती, पन बोलली नाई. म्हटलं जाऊ दे, एकटी बाई हाय."

आणि जिजाबाई ओट्यावर जाऊन बसली. त्या संध्याकाळी सिंधूताई पुन्हा उंबऱ्यापाशी आल्या. आता त्यांच्याही केसांत पांढरं आलं होतं, पाठ मात्र तशीच सरळ. भरलेली दिसावी म्हणून त्यांनीच फळीवर ठेवायला लावलेली बाटली कमी झालेली दिसत होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं ती बघितलेली होती.

"मी पेली नाई ताई."

"मी मानते," सिंधूताई म्हणाल्या. खरंच मानत होत्या की नाही ते त्यांच्या आवाजावरून कळेना. "पन मी मानून काय होते? सारी वस्ती पाहून राहिली. एक कर. सगळ्याइच्या समोर हे मोरीत वतून टाक. आत्ता. विषय संपला. पुन्हा कोनी बोललं तं माह्याशी गाठ हाय."

दारात बायका होत्या, पोरं होती. मोरी दोन पावलांवर होती. कौशल्यानं बाटली उतरवली, छातीशी धरली. सगळ्यांना वाटलं, ओतणार.

"माही नाई ना ते," ती म्हणाली. "तिची हाय. दुसऱ्याचं कसं वतू?"

"ते येनार हाय का आता? किती सालं झाले?"

कौशल्यानं बाटली पुन्हा फळीवर ठेवली, उभी, आणि उंबऱ्याकडे तोंड करून तिच्यासमोर उभी राहिली. सिंधूताई पदर सावरून निघून गेल्या.

पुढच्या पौर्णिमेला मेणबत्त्यांचा पुडा तिच्याकडे आला नाही. कोणी भांडलं नाही, कोणी येऊ नको म्हटलं नाही. ती विहारात गेली तेव्हा मेणबत्त्या लागलेल्या होत्या. ती मागच्या ओळीत बसली, पाचव्या शीलापर्यंत आली आणि तिथं तिचा आवाज आपोआप खाली गेला, कारण आजूबाजूचे आवाज थांबून आपला ऐकतायत असं तिला वाटलं. त्यानंतर ती गेली नाही. जिजाबाई दुसऱ्याच घरून पाणी आणायला लागली. रांजण भरलेला राही, पाणी जुनं होई, ती ओतून पुन्हा भरी. पहाटे पाण्याच्या घागरींचा आवाज तिच्या दारावरून पुढं जाई. लेकीले न्हाऊ घातलं का, असं आता कोणी विचारत नव्हतं, आणि ते कोणी विचारावं असं तिला वाटायचं, ह्याचं तिलाच नवल वाटायचं.

रात्री आडवी करणं तिनं सोडलं नाही. बूच वर आल्यामुळं थेंब थेंब वाळूत झिरपायचं. तरी.

त्या थंडीत भैय्याजी स्वतः वस्तीत आला. पाय ओढत, काठी टेकत.

"बंगले पे आया है एक," तो म्हणाला. "गोरा. उसी कंपनी का."

कौशल्यानं बाटली नऊवारीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळली आणि बसमध्ये मांडीवर आडवी घेतली. शेजारच्या बाईनं वाकून विचारलं, "किती महिन्याचं?" आणि बघितल्यावर सरकून बसली.

साहेब पोरगेलासा होता, सोनेरी मिशीचा. व्हरांड्यात खुर्ची टाकून कागद बघत होता. भैय्याजीनं त्याला आपल्या इंग्रजीत मार्थाबाईंचं नाव सांगितलं, त्यांच्या साहेबाचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं. पोरानं मान हलवली. त्याला माहीत नव्हतं. तेव्हाचे लोक कंपनीत कोणी राहिले नव्हते. कोणी कुठं, कोणी कुठं. तो ओशाळला, आणि काहीतरी करावं म्हणून त्यानं बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली. आतलं गवताच्या रंगाचं पाणी आता चहासारखं झालं होतं. त्यानं कागदावरचं वर्ष वाचलं आणि भैय्याजीला काही सांगितलं.

"काय म्हनते?"

भैय्याजी घुटमळला. "कहता है, खराब हो गई."

"ते मलेबी दिसते. अजून काय म्हनला? बराच बोलला तो."

"कहता है, ये वाली रखने की होती ही नहीं. सफेद वाइन है, सादी, रोज के खाने की. कितना भी सँभालो, साल-दो साल. जिसने दी, उसने उसी ठंडी में पीने को दी थी."

कौशल्यानं मान खाली घातली. साहेबाला वाटलं तिला वाईट वाटलं. तो आत गेला, दुसरी बाटली घेऊन आला आणि तिच्यापुढं धरली. तिनं हात जोडून नाही म्हटलं.

"त्याच थंडीत?" तिनं भैय्याजीला पुन्हा विचारलं.

"उसी."

"म्हनजे तिले यायचंच होतं."

भैय्याजीनं तिच्याकडे पाहिलं. "हाँ, बाई," तो म्हणाला. "आना ही था. नहीं तो ये वाली क्यों देती?"

गेटपाशी दोघं नेहमीच्या जागी बसले. भैय्याजीनं संत्रं सोललं, अर्धं तिला दिलं. खाऊन झाल्यावर ती उठली. पुढच्या वर्षी येते, असं म्हणाली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

परतताना बसमध्ये तिनं बाटली पायाशी उभी ठेवली. ती खड्ड्याखड्ड्याला हलली.

घरी आली तेव्हा दुपार होती. तिनं दार सताड उघडं ठेवलं. पाटावर बसून चमच्याच्या दांड्यानं बूच उचकलं. ते इतक्या वर्षांचं ठिसूळ बूच, काही त्रास न देता निघालं, निम्मं चुरा होऊन. खोलीत वास आला. चंद्रभानच्या तोंडाचा वास येईल म्हणून तिनं श्वास धरून ठेवला होता. तो नव्हता. हा आंबट, नाकात चढणारा, ओळखीचा वास होता. ती हसली की काय झालं कोण जाणे, डोळे पुसायला पदर घेतला.

मग तिनं कांदे घेतले. कागदासारखे पातळ तिला जमले नाहीत, मार्थाचा हात वेगळा होता. फडक्यातून गाळून बाटलीतलं सगळं कांद्यावर ओतलं, चिमूटभर साखर टाकली, झाकून ठेवलं आणि तव्यावर भाकरी टाकली.

वासानं जिजाबाई ओट्यावरून उठली. कित्येक महिन्यांत आली नव्हती ती उंबऱ्यापाशी आली.

"काय करून राहिली वं?"

"कांदे."

"हा वास कायचा?"

"पाह्य तूच."

जिजाबाईनं रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. आत येऊन खाली वाकली आणि हुंगलं. तिचं नाक फेंदारलं.

"सिरका हाय हा तं."

"हो."

"सारी बाटली सिरका?"

"बूच सुकलं. हवा गेली आत. उभी होती न."

जिजाबाई तशीच वाकलेली राहिली, पहिल्यांदा पोतं सरकवलं होतं तशी. मग म्हणाली, "म्हनजे तू पेली नव्हती."

"नाई."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं होतं."

जिजाबाई खाली बसली. ताटातला एक कांदा बोटानं उचलला, तोंडात टाकला, डोळे बारीक केले. दुसरा उचलला. "आंबट हाय," ती म्हणाली. "गोडबी हाय. दे वं थोडे, सिंधूताईले नेऊन दाखवते. तिले चाखू दे." वाटीत कांदे घेऊन ती उठली, दारात थांबली. "उद्या माह्या घरी नळ नाई येनार. रांजण भरून ठेवजो."

ती गेली. संध्याकाळी तिच्या नातवाच्या हाती मेणबत्त्यांचा पुडा आला, सोबत काही निरोप नव्हता.

कौशल्यानं दोन ताटं वाढली होती, तिच्या लक्षात आलं ते भाकरी मोडताना. दुसरं ताट तिनं काढलं नाही. फरशीवर पाय लांब करून बसली, तसं बसायची तिला सवय नव्हती, आणि सावकाश जेवली. तिनं बसायचं आणि मार्थानं प्यायचं, असं ठरलं होतं. बसण्याचं तिचं तिनं केलं.

जेवण झाल्यावर तिनं बाटली विसळली. कागदावरचा डोंगर ओल्या बोटांना लागून निम्मा निघून आला. दार अजून उघडंच होतं, गल्लीत माणसं होती. कौशल्या रांजणापाशी गेली आणि बाटली वाळूत आडवी ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं. वर पोतं तिनं टाकलं नाही.